तांब्यातली चांदी

उचगावात गोबरगॅसचा खड्डा खणताना बायडाबाईंच्या पहारीला एक तांब्या लागला. आत राणीच्या छापाची चांदीची नाणी होती. गावभर बोभाटा झाला आणि दुसऱ्याच दिवशी एक अधिकारी जीप घेऊन दारात आला.

"इंग्रजांच्या काळापासूनचा कायदा आहे. जमिनीतलं धन सरकारचं. तांब्या गाडीत ठेवा."

"ठेवते की. आधी पावती लिवा."

"पावती नंतर. उगाच केस ओढवून घेऊ नका."

बायडाबाईंनी तांब्या मांडीवरून खाली ठेवला नाही. वकिली शिकणाऱ्या त्यांच्या सुनेनं, पूर्णिमानं, तोच कायदा मोबाइलवर काढून मोठ्यानं वाचला. सापडलेलं धन कलेक्टरला लेखी कळवायचं आणि खजिन्यात भरायचं, नाहीतर जामीन देऊन जवळ ठेवायचं, मग ते कुणाचं याचा निकाल कलेक्टरनं द्यायचा, असं त्यात होतं.

"इंग्रजानं काय आमच्या भल्यासाठी लिवला न्हाय," बायडाबाई म्हणाल्या, "पर लिवलाय तेवढा तरी पाळा, पावणं."

अधिकारी हात हलवत परत गेला. सोमवारी सासूसुना कलेक्टर कचेरीत गेल्या. नाण्यांचे फोटो अर्जाला जोडून त्यांनी तांब्या रीतसर खजिन्यात भरला.

"निकाल लागंपतूर दर म्हैन्याला येणार हाय," बायडाबाईंनी कारकुनाला सांगितलं. "मला कटाळा येत न्हाय."