न फुटलेला दाणा

मित्रांनो, मी एक जुने जाते आहे. सातपुड्यातल्या एका पाड्यावर, कुडाच्या घराबाहेर आता नुसते पडून असते. नंदुरबारला आगगाडी येऊन थोडी वर्षे झाली होती, तेव्हा जामसिंगने मला शहाद्याच्या बाजारातून डोक्यावरून वर आणले. पाथरवटाने छिन्नीने टोचे मारून माझ्या दोन्ही दगडांना इतकी दाट टाकी लावली होती की ज्वारीचा एक दाणा अखंड निसटत नसे. जामसिंगची बायको कालीबाई शेजारणींना माझे पीठ चिमटीत धरून दाखवी.

पंधरा वर्षे मी दळले. टाकी झिजली, ती पुन्हा लावायचे कुणाला सुचले नाही. घरात बहुधा कण्याच शिजत, म्हणून माझा दोष झाकला गेला.

मग जामसिंग तापाने गेला. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की पाहुणे जमले म्हणजे बायकोने आपल्या हातची दारू मृताच्या नावाने जमिनीवर सांडायची. ती दारू एरवी मोहाच्या फुलांची, पण त्या वर्षी गारांनी मोहाची फुले झोडपली होती. कालीबाईने ज्वारीला मोड आणले, उन्हात वाळवले, माझ्यात भरडले आणि गरम पाण्यात झाकून ठेवले. असे पाणी संध्याकाळपर्यंत गोड झाले, तरच पुढे आंबून त्याची दारू होते.

पाणी फिकेच राहिले.

दुसऱ्या खेपेला तिने झऱ्याचे पाणी आणले आणि बोटाला सोसेल इतकेच तापवले. तिसऱ्या खेपेला मडके बदलले, भरड दुप्पट घातली. किंचित गोडी आली, ती जिभेवर टिकेना. कारण मला ठाऊक होते. वाळून हलके झालेले दाणे माझ्या गुळगुळीत दगडांमधून अर्धेअधिक अखंडच घसरत होते. मी घरघरत राहिले. याखेरीज मला काही येत नव्हते.

पाहुणे जमायला सहा दिवस उरले. मोडांची एक टोपली उरली. जामसिंगचा थोरला भाऊ खात्या चव घेऊन थुंकला. म्हणाला, जामसिंग हिच्या हातचे घेत नाही, म्हणून पाणी गोड होत नाही. विधी झाला की हिने माहेरी जावे, मुलगी इथेच राहील.

कालीबाईने चार वर्षांच्या पोरीला पोटाशी ओढले. "दादा, एक टोपली आहे. एवढी करू द्या."

तेवढ्यात तिची सासू फुलीबाई गाळलेला चोथा शेळीला घालायला निघाली. तिला डोळ्यांनी नीट दिसत नसे. बोटांना काही लागले, तसे तिने चिमूटभर तोंडात टाकले.

"खात्या, हे चाव."

"शेळीचं खाणं मला कशाला, आय?"

"चाव म्हणते ना. आत पीठ तसंच आहे. दाणा फुटलाच नाही, तर गोडी येईल कुठून? मेलेल्या भावाच्या तोंडी भलते शब्द घालू नकोस."

तिने मला उघडून तळहात फिरवला आणि खात्याचाही हात धरून माझ्यावर फिरवला. दिवसभर बसून त्यानेच मला टाकी लावली. प्रत्येक घाव लागत होता, पण मला हवा होता.

शेवटची टोपली कालीबाईने मूठमूठ घालून दळली. संध्याकाळी तिची बोटे त्या पाण्याने चिकट झाली. तिने वाटी खात्यापुढे धरली.

"गोड आहे," तो हळूच म्हणाला.

"हे पाहुण्यांसमोर म्हणा. पोरगी कुणाजवळ राहील, तेही."

सहाव्या दिवशी कालीबाईने जामसिंगच्या नावाने दारू सांडली, तेव्हा त्याने ते म्हटले, आणि पोरगी आईजवळच राहील, हेही. मान वर न करता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे.

मित्रांनो, काम बिघडले की माणसाच्या हाताला बोल लावण्याआधी त्या हातातली वस्तू एकदा उघडून पाहा. आमची झीज आम्हाला कळते, सांगता येत नाही.