बकुळाच्या हातातली दुसरी पाटली

मी पाटली बोलतेय. माझ्यात तांबं जरा जास्त आहे, हे मालवणच्या सोनाराने बकुळाच्या वडिलांना सांगितलं नाही. तरी सोन्याचा माज मला पुरेपूर आहे. आम्ही दोघी बहिणी. लग्नात बकुळाच्या दोन हातांत चढलो आणि तिच्याबरोबर लालबागच्या चाळीत आलो. तिचा नवरा दत्ताराम गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा.

बकुळाला सिनेमाचं भारी वेड. शाळा दुसरीतच सुटलेली, त्यामुळे पैशाचे धडे ती पडद्यावरून घ्यायची. एका सिनेमात दुष्ट मुनीमाने विधवेची कोऱ्या कागदावर सही घेतली. तेव्हापासून बकुळा वाचल्याशिवाय कशावरच सही करत नसे. इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या सिनेमात नायिकेने नवऱ्याच्या धंद्यासाठी बांगड्या काढून दिल्या आणि शेवटी तो मोटारीतून परतला. बकुळा हमसून हमसून रडली. आठवडाभरातच तिने माझी बहीण सोडावॉटरच्या गाडीसाठी दत्तारामच्या हातावर ठेवली. गाडी एका उन्हाळ्यात बुडाली. मोटार काही आली नाही.

मग माझी पाळी आली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी परळ-लालबाग पेटलेलं, गिरण्या कधी बंद पडतील याचा नेम नाही. अशात दत्तारामचा मित्र रघुवीर संध्याकाळी घरी येऊन बसला. हिंदमाताला कापडाचं दुकान काढायचं, भागीदारीचा विसार आजच हवा.

मोरीत बकुळा हाताला साबण लावून मला ओढत होती. मी अंगठ्याच्या हाडाशी अडकले. तिची नाडी माझ्याखाली थाडथाड उडत होती. माझाही जीव अर्धा झाला.

"दत्तारामभाऊ, वहिनींना वेळ लागतोय," बाहेरून रघुवीर म्हणाला. "गाळा दुसरा कोणतरी घेऊन जाईल हां!"

दत्ताराम मोरीच्या दाराशी आला. "बेगीन काढ गे. सिनेमातली बाय बघलंस मां? न मागता काढून दिल्यान."

बकुळाचा हात थांबला. "दिल्यान. मगे पडद्यार पाटी इली, 'पाच वर्षांनंतर'. त्या पाच वर्सात तिच्या पोरांनी काय खाल्ल्यानी? ता कोणी दाखवल्यानी?"

दत्ताराम दारातून एक पाऊल मागे सरला.

"आपल्या डब्यात तांदूळ किती आसत, ता आधी सांगा," ती म्हणाली आणि तिने मला मागे ढकललं. कातडी सोलली, पण मी पुन्हा मनगटावर आले. खरं सांगते, इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

रघुवीर चहा अर्धा टाकून उठला. पुढे ते दुकान चाललं की बुडालं, मला ठाऊक नाही.

थोड्याच दिवसांत रस्त्यावर गोळ्या सुटल्या, संचारबंदी लागली. गिरणीचं फाटक बंद झालं आणि मोर्चात गेलेल्या दत्तारामला पोलिसांनी पकडून नेलं. घरात बकुळा, दोन मुलं आणि तळ दिसणारा तांदळाचा डबा. सिनेमाने पाटीमागे लपवलेले दिवस आमच्या खोलीत येऊन बसले.

आज संचारबंदी थोडा वेळ उठली. बकुळा मुलांना शेजारच्या राधाबाईंकडे ठेवून भोईवाड्यातल्या सोनाराकडे धावत आली. पुन्हा साबण लावला. या वेळी मी आडमुठेपणा केला नाही, सरळ निघाले. सोनाराने तांबं जास्त असल्याचं लगेच ओळखलं आणि भाव पाडला. मला लाज वाटली ती तिच्यासाठी. बकुळाने घासाघीस केली, पावती नीट वाचली, मगच सही केली.

पैसे पदराच्या गाठीत बांधून तिने मनगटावरचा पांढरा पट्टा चोळला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "येतंय गे." आणि वाण्याच्या दुकानाकडे पळाली.

सिनेमात कुणी बाई बांगड्या काढून देताना दिसली तर खुशाल रडा. पण घरी आल्यावर आपला डबा उघडून बघा.

सोनाराने मला वितळवायची मूस विस्तवावर ठेवली आहे. बाहेर संचारबंदी पुन्हा लागल्याच्या पोलिसांच्या शिट्ट्या सुरू झाल्या, दुकानांच्या फळ्या धडाधड लागताहेत. बकुळा तांदूळ घेऊन घरी पोचली का, एवढं कुणीतरी मला सांगा. मूस तापायच्या आत सांगा.