अंतराळातल्या पहारेकऱ्याची चंद्रकोर

मित्रांनो, मी एक जुने शिरस्त्राण आहे. एवढेच मला खात्रीने सांगता येते. कोणाचे, हे मात्र अजून कळलेले नाही.

माझा जन्म बिबवेवाडीत, कांताबाईंच्या खोलीत झाला. कांताबाई गौरींचे मुकुट करतात. एके दिवशी ऋचा त्यांच्याकडे आली. ती मैत्रिणींना घेऊन अंतराळावर चित्रपट करत होती. तिने मोबाइलवर एका परदेशी चित्रपटातला काळा टोप दाखवला. मानेकडे तो छपरासारखा उतरता होता.

"असाच हवा. अंतराळयानाच्या पहारेकऱ्याचा आहे."

कांताबाईंनी भिजवलेली रद्दी मेथीच्या पिठात कुटली, लगदा पालथ्या पातेल्यावर थापला आणि मी घडले. काळा रंगही चढला. कांताबाईंनी मला लांबून न्याहाळले आणि कपाळावर एक सोनेरी चंद्रकोर बसवली.

चित्रीकरण मार्केट यार्डातल्या एका रिकाम्या गाळ्यात होते. कांद्याची साले झाडून तिथे अंतराळयान उभारले होते. कांताबाई कौतुकाने मला घेऊन आल्या. ऋचाचा चेहरा पडला.

"अहो कांताबाई, चंद्रकोर कशाला? लोक हसतील. काढते मी."

तिने कटर उचलला. कांताबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मी घाबरले. चंद्रकोर लगद्याला घट्ट चिकटलेली होती. ती निघाली असती तर माझे कपाळच फाटले असते.

पोशाख सांभाळणारी पूर्वा जपानी शिकत होती. तिने ऋचाचा हात धरला.

"थांब. जपानी सामुराई योद्ध्यांच्या शिरस्त्राणांवर अशी कोर असायची. तू ज्या चित्रपटातून हा टोप उचललास ना, त्यांनी तो तिथूनच उचललाय."

"म्हणजे मी नकलेची नक्कल करतेय?"

"पुण्यात तू काही पहिली नाहीस."

ऋचा कांताबाईंकडे वळली. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही गं. मोकळ्या कपाळाचं काही माझ्या हातून बाहेर जात नाही, एवढंच."

ऋचाने कटर खाली ठेवला.

ऋचाच्या महाविद्यालयात चित्रपट दाखवला तेव्हा माझे खूप कौतुक झाले. एक जण म्हणाला जपानी, दुसरा म्हणाला मावळ्याचा, आणि लहान मुलांनी मला मंगळावर पाठवले. सगळेच खात्रीने बोलत होते. माझा गोंधळ वाढतच गेला.

पुढे मी ऋचाच्या घरी माळ्यावर पडले. ओल लागून कोर एका टोकाला सुटली. एकदा सफाईत तिच्या आईने मला रद्दीत टाकले. ऋचाने पाहिले, मला उचलले आणि बिबवेवाडी गाठली.

कांताबाईंना आता कमी दिसते. त्यांनी मला बोटांनी चाचपले.

"हा कोणाचा गं टोप?"

"तुम्हीच केलेला. कोणाचा ते अजून ठरत नाहीये."

"राहू दे मग," म्हणत त्यांनी कोर चिकटवण्यासाठी पिठाची खळ शिजवायला ठेवली.

मित्रांनो, माझे म्हणणे इतकेच आहे. एखाद्या वस्तूवर न शोभणारे काही दिसले, तर ते कापण्याआधी कोणी लावले आणि का, हे विचारा. आणि आमच्यासारख्यांना ओलीत ठेवू नका. मी जपानचे, पुण्याचे की मंगळाचे, ते मला आजही सांगता येणार नाही. कोरीखालची खळ अजून ओली आहे. पण कपाळ मोकळे नाही.