दिलशादची टोळी

वर्गात कुजबुजणाऱ्या पोरांचा नाथाजी मास्तरांना भारी राग. चार इयत्ता आणि मास्तर एकटे, त्यात लढाईचे दिवस, खडूचासुद्धा दुष्काळ. छडीशिवाय इलाज नाही असं त्यांचं पक्कं मत होतं. कुंडलजवळच्या त्या गावातली शाळा शांत होती खरी, पण दुसरीतली दिलशाद त्या शांततेत पार बुडून गेली होती. प्रश्न विचारला की तिची दातखीळच बसायची. गेल्या साली ती नापास झाली, तेव्हा तिचा बाप दस्तगीर पिंजारी सरळ सांगून गेला होता, "आवं मास्तर, ह्या खेपंला न्हाई जमलं तर पोर घरी बसंल. कापूस निवडायला हात लागत्यात."

पोरगी मंद नव्हती. सागरगोटे खेळताना तिचा हिशेब कधी चुकत नसे. ती भ्यायली होती, आणि कुणाला, हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं.

एका सकाळी शाळेला येताना त्यांना बयाबाईच्या रानात इर्जिक दिसली. तिचा नवरा पलटणीत, दावणीला बैल नाही, म्हणून गावानं आपापल्या जोड्या आणून तिच्या रानात जुंपल्या होत्या. त्यात गावातल्या बड्या लालासाहेबांची तगडी खिलार जोडी होती आणि रडतखडत चालणारी एक म्हातारी जोडीही होती. पण आपलं तास नांगरून झालं म्हणून कुणी बैल सोडत नव्हतं. मास्तर बांधावर बघत उभे राहिले आणि त्या दिवशी शाळा उशिरा भरली.

आठवडाभरात शाळेचा बाजार झाला. मास्तरांनी हुशार, मधली, मागची पोरं मिसळून चौघाचौघांच्या टोळ्या पाडल्या. नियम एकच: टोळीतल्या सगळ्यांना धडा आल्याशिवाय कुणालाच सुट्टी नाही. दिलशादच्या वाट्याला शालू, सयाजी आणि गुंडा आले. गणितात गुंडाचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. त्याचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं. आधी तो तिच्यावर नुसता खेकसला. सुट्टी बुडायला लागली तशी स्वारी ताळ्यावर आली. चिंचोके मांडून तो हळू आवाजात समजावू लागला, आणि आपण आजवर नुसतं पाठच करत होतो हे त्याचं त्यालाच उमगलं. शालू दिलशादला मोठ्यानं बोलायला लावायची. छडी आढ्यातच खोचलेली राहिली.

परीक्षेला शाळा तपासणारे दिपोटी साहेब आले. निकाल ऐकून पोरीला कायमची घरी न्यायची म्हणून दस्तगीर दारातच बसला होता. दिपोटींनी दिलशादला उभं केलं.

"अडीच पायल्यांचे शेर किती?"

तिनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तेवढ्यात शालू उभी राहिली. मग सयाजी. मग गुंडा.

"तुम्हाला कुणी विचारलं? बसा खाली," दिपोटी म्हणाले.

"बसतो की साहेब," गुंडा म्हणाला, "पर तिचं झाल्यावर. आमी सांगत न्हाई काय. नुसतं हुबं ऱ्हातो."

दिपोटी मास्तरांकडे वळले. "हा काय प्रकार?"

आता आपली बदली अटळ, हे मास्तरांना कळून चुकलं. तरी ते म्हणाले, "साहेब, ती टोळी आहे तिची."

दिपोटी काही बोलणार, तोच बारीक आवाज आला. "धा शेर." मग जरा मोठ्यानं, "दोन पायल्यांचं आठ, आन् अर्धीचं दोन."

दिपोटींनी मान डोलावली. ती खाली बसली, तेव्हाच बाकीची तिघं बसली.

दिपोटी गेल्यावर मास्तरांना राहवेना. पोरांचे आभार मानायची मास्तरांची रीत नव्हती, पण ते चौघांसमोर जाऊन उभे राहिले. "पोरांनो, तुमचे उपकार झाले माझ्यावर," ते म्हणाले. पोरं एकमेकांकडे बघून खुदखुदली.

दस्तगीर दारातून उठला. दिलशाद पाटी छातीशी धरून त्याच्याकडे बघत होती. त्यानं मुंडासं सारखं केलं, दोनदा घसा खाकरला.

"मास्तर," त्यानं विचारलं, "तिसरीला हीच पाटी चालती, का मोठी लागती?"