चौकात अडकलेली फौज

शत्रूची फौज गावात शिरली तेव्हा मामा चौकातच होते, कारण त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं. पोलीस ठाण्याचे साहेब आदल्या दिवशीच कुटुंबकबिल्यासह डोंगरापलीकडे गेले होते. जाताना त्यांनी ठाण्याला कुलूप लावलं, मांजरीला दूध ठेवलं, आणि वाहतूक हवालदाराला सांगायचं तेवढं राहून गेलं. मग मामा नेहमीसारखे पांढरे हातमोजे चढवून, गळ्यात शिट्टी अडकवून चौकातल्या गोल चौथऱ्यावर उभे राहिले. अख्खं गाव त्यांना मामा म्हणे. चिडली की त्यांची सख्खी बायकोसुद्धा मामाच म्हणे.

आणि फौज तरी केवढी! पुढची तुकडी उजाडायच्या आत चौक ओलांडून खिंडीकडे गेली होती आणि तिथे तिची आपल्या मूठभर सैनिकांशी जुंपली होती. त्या मूठभरांत मामांचा जावई होता. मागून येणारी फौज इतकी मोठी होती की तिला एक रस्ता पुरेना. म्हणून त्यांच्या सेनापतींनी तीन रस्ते निवडले: एकावरून रणगाडे, दुसऱ्यावरून तोफा, तिसऱ्यावरून डिझेल, दारूगोळा आणि पाव. नकाशावर तिन्ही रस्ते छान सुटे दिसत असणार. ते मामांच्या चौकात येऊन मिळतात आणि पुढे इस्पितळावरून खिंडीकडे एकच रस्ता जातो, हे नकाशात फार बारीक असेल. किंवा एवढ्या मोठ्या माणसाने एवढं बारीक बघायचं नसेल.

व्हायचं तेच झालं. तिन्ही रांगा एकदमच चौकात आल्या, एकदमच घुसल्या आणि एकदमच अडकल्या. रणगाड्याच्या पट्ट्यात तोफेचं चाक, तोफेच्या दांड्याला पावाची लॉरी. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, त्यामुळे ते आपले रेटतच होते. दोन गाड्यांमधून मांजरालासुद्धा अंग चोरून जावं लागलं असतं.

तीन अधिकारी तीन बाजूंनी चौथऱ्यापाशी आले. रणगाड्यांच्या कर्नलना भरघोस मिशा होत्या, तोफांच्या कर्नलना जाड चष्मा होता, आणि रसदीच्या मेजरच्या अंगाला ताज्या पावाचा वास येत होता. दोन्ही देशांची भाषा एकमेकांना समजण्याइतकी जवळची होती. भांडण्याइतकी तर नक्कीच.

"आधी कोण जाणार?" मामांनी विचारलं.

"आम्ही," तिघेही म्हणाले.

"तिघं एकदम कसे जाल? रस्ता एक आहे."

"सेनापतींनी मला स्वतः सांगितलंय, सगळ्यांच्या आधी पोहोचा," मिशीवाले म्हणाले. चष्मेवाल्यांनाही सेनापतींनी स्वतःच सांगितलं होतं. पाववाल्या मेजरला तर दोनदा सांगितलं होतं. सेनापतींचा स्वभाव मोठा प्रेमळ असावा, त्यांनी कोणालाच नाराज केलं नव्हतं.

मग वायरलेसवरून सेनापतींनाच विचारायचं ठरलं. ते मागच्या शहरातल्या हॉटेलात होते. बराच वेळ खरखर झाल्यावर उत्तर आलं, "थांबलात कशाला? पुढे व्हा!" तेवढ्यात खिंडीतून पुढच्या तुकडीचा निरोप आला: डिझेल संपलंय, गोळे संपत आलेत, लवकर पाठवा. डिझेल तर इथेच होतं, हाकेच्या अंतरावर, पण रणगाड्यांमागे अडकलेलं. आणि रणगाडे उभ्या उभ्या इंजिनं चालू ठेवून आपल्याजवळचं तेल जाळत होते.

"इंजिनं तरी बंद करा," मामा म्हणाले. "पोरं खोकताहेत घराघरांत."

"चढाईत इंजिन बंद करत नाहीत," मिशीवाले म्हणाले आणि स्वतःच खोकले.

खरं तर मामांना असल्या गाठी सोडवायची सवय होती. बाजाराच्या दिवशी चौक हमखास तुंबायचा. अशा वेळी पुढच्याला ओढण्यात अर्थ नसतो. सगळ्यात मागच्या गाडीला थोडं मागे घ्यायचं, मग तिच्या पुढचीला, की गाठ आपोआप सैल होते. त्यांनी तसं सुचवलंही. पण ‘मागे’ म्हटल्याबरोबर तिन्ही अधिकाऱ्यांचे चेहरे पांढरे पडले.

"आमच्या गाड्या मागे जात नाहीत," पाववाले मेजर हळूच म्हणाले. "निघताना सेनापतींनी प्रत्येक गाडीचा रिव्हर्स गिअर तारेनं बांधून त्यावर सील मारलंय. माघारीचा विचारच कोणाच्या मनात येऊ नये म्हणून. सील तुटलं तर थेट तुरुंग."

"पावाच्या लॉरीलासुद्धा?"

"पावाच्या लॉरीला आधी," मेजर खिन्नपणे म्हणाले.

मामांनी कपाळाला हात लावला, पण तो दाखवण्यापुरताच. मनातून त्यांना गुदगुल्या होत होत्या. जन्मात पहिल्यांदाच तुंबलेला चौक बघून त्यांना बरं वाटत होतं. ही गाठ जितका वेळ सुटणार नाही तितका वेळ जावई सुखरूप, एवढा सरळ हिशेब होता. त्यांनी अधूनमधून शिट्टी वाजवली, हात हलवले, आणि काम अगदी मन लावून केल्याचं दाखवलं. गावकरी खिडक्यांत बसून मजा बघत होते.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मामी दिसल्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, पायात एकच चप्पल. त्यांच्यामागे शेजारचा भाजीवाला आपली हातगाडी ढकलत होता, आणि हातगाडीवर गोधडीत मामांची लेक होती.

"कळा सुरू झाल्यात," मामी म्हणाल्या. "सुईण म्हणते बाळ आडवं आहे. माझ्या हातचं काम नाही, डॉक्टरीणबाईंकडे न्या म्हणते, आत्ताच्या आत्ता."

इस्पितळ समोरच दिसत होतं, चौकाच्या पलीकडे. त्याची निळी दारं, पायरीवर हात पुसत उभी असलेली नर्ससुद्धा दिसत होती. मध्ये फक्त एक अख्खी फौज होती.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. ते चौथऱ्यावरून उतरून मामींजवळ गेले आणि लेकीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "अगं, वाट काढली तर गाठ सुटेल. गाठ सुटली की हे सगळे खिंडीत जातील. जावई तिकडे आहे."

मामींनी हातगाडीकडे पाहिलं. लेकीने गोधडीचा काठ दातांत धरला होता.

"मला कळत नाही का?" त्या म्हणाल्या. "पण ही आत्ता मरतेय माझ्यासमोर. जन्मभर रस्ते मोकळे करायचाच पगार घेतलात ना? काढा रस्ता."

मामांनी डोळे मिटले, उघडले आणि मिशीवाल्या कर्नलकडे निघाले. गल्ली आणि इस्पितळ यांच्या बरोब्बर मध्ये एक रणगाडा आडवा होता. त्याचा चालक झाकणातून मान बाहेर काढून बसला होता. त्याचा चेहरा धुरानं काळवंडला होता आणि तो डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखा दिसत होता.

"कर्नलसाहेब, हा रणगाडा जागच्या जागी फिरतो ना?"

"फिरतो की! रणगाडा आहे, खटारा नव्हे."

"मग त्याला पुरता फिरवा. रिव्हर्स नको, सील तसंच राहू दे. तोंड मैदानाकडे, तुम्ही आलात त्या बाजूला, झालं की पुढचाच गिअर टाकायचा, वळणापर्यंत जायचं आणि फिरून पुन्हा रांगेत यायचं. इथे जागा झाली की आधी माझी लेक जाईल, आणि मग तुमचे बाकीचे रणगाडे. सगळ्यांच्या आधी."

शेवटचे शब्द ऐकून कर्नलच्या मिशा जराशा हलल्या. पण लगेच त्यांनी मान हलवली. "कुठून जाणार? डाव्या बाजूला आमची रांग आहे. उजवी बाजू सेनापतींच्या मोटारीसाठी राखून ठेवलीय."

"ते येणार आहेत का आज?"

"खिंड जिंकली की येतील."

"मग तोवर मोकळीच आहे," मामा म्हणाले.

कर्नलनी हातगाडीकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांकडे पाहिलं. दोन्हींपैकी कशाचा परिणाम जास्त झाला कोण जाणे, पण त्यांनी हुकूम दिला.

मामा रणगाड्यासमोर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी त्याला फिरवू लागले. बाजारात बैलगाडी फिरवावी तसंच. "येऊ दे… येऊ दे… बास! आता डावीकडे, हळू!" धुराचा लोट उठला, फरशा कडाकडा फुटल्या, चौथऱ्याचा एक कोपरा गेला. तोफेच्या लांब नळीनं शिंप्याच्या दुकानाची पाटी उचलून रस्त्यात फेकली आणि वरच्या खिडकीतून शिंप्यानं सेनापतींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अखेर रणगाड्याचं तोंड मैदानाकडे झालं. तो धडधडत पुढे निघाला आणि चौकात हातगाडीपुरती वाट उघडली.

मामांनी शिट्टी फुंकली. मामी आणि भाजीवाला हातगाडी घेऊन धावले, मामा एका हातानं गाडी ढकलत आणि दुसऱ्या हातानं फौज थांबवत धावले. चष्मेवाल्या कर्नलनी सवयीनं सलामही ठोकला.

इस्पितळाच्या पायरीशी नर्सनं गाडी धरली. लेकीनं वडिलांचा हात पकडला.

"बाबा, रस्ता सुटला?"

"सुटला गं. तू घाबरू नकोस."

"मग हे सगळे आता तुमच्या जावयाकडे जाणार."

मामांनी तिच्या अंगावरची गोधडी सारखी केली. आतून डॉक्टरीणबाईंची हाक आली, नर्सनं गाडी ओढली, मामी पाठोपाठ आत गेल्या. लेकीच्या मुठीत मामांचा एक हातमोजा तसाच राहिला.

मामा परत फिरले. त्या उघडलेल्या वाटेत स्वतःच जाऊन आडवं उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. एका हवालदारानं फौज अडत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण लेकीसाठी उघडलेली वाट लेकीच्या नवऱ्यावर उलटायला नको, एवढंच डोक्यात होतं. त्यांना भीती वाटत होती, आणि ती लपवण्याचं भानही उरलं नव्हतं.

चौकात येऊन पाहतात तर वाट रिकामी.

मैदानाकडे तोंड करून गेलेला रणगाडा वळणाशी थांबलाच नव्हता. त्या चालकाला कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच समोर घरचा रस्ता दिसला होता. वळणापाशी तो जरा रेंगाळला म्हणे, आणि मग तसाच पुढे गेला. त्याच्यामागच्यानं ते पाहिलं आणि तोही जागच्या जागी फिरला. त्याच्यामागच्यानंही. पार मागे, जिथे चौक दिसतही नव्हता, तिथल्यांनी आपले रणगाडे घराकडे तोंड करून येताना पाहिले आणि परतायचा हुकूम आला असणार, असं समजून घेतलं. एवढ्या मोठ्या फौजेत हुकूम शेवटच्यापर्यंत नेहमी असाच, न सांगता पोहोचायचा. विचारायचं कोणाला? आणि विचारून नाही म्हटले तर?

मिशीवाले कर्नल रांगेच्या कडेनं धावत "थांबा! थांबा!" ओरडत होते. त्यांचा आवाज त्यांच्याच इंजिनांत बुडून गेला. चढाईत इंजिन बंद करत नाहीत ना!

रणगाडे निघालेले पाहून चष्मेवाल्यांना राहवेना. "आम्ही काय इथे एकटे लढायचं?" असं म्हणून त्यांनी तोफांची तोंडं वळवायला सांगितली. पाववाल्या मेजरनी तर विचारायचीही वाट पाहिली नाही. त्यांच्या लॉऱ्यांना फिरायला जागा हवी होती म्हणून त्यांच्या माणसांनी पावाच्या पेट्या उतरवून फुटपाथवर रचल्या आणि गावकऱ्यांना घेऊन जा म्हणून सांगितलं. डिझेल नाही, गोळे नाहीत, मागे कोणी नाही, असं कळल्यावर खिंडीतली तुकडीही पायी परत येऊ लागली. तिकडचा तोफांचा आवाज केव्हाच थांबला होता.

पण घरी तरी आधी कोण जाणार? तिघेही पुन्हा चौथऱ्यापाशी हजर. मामा फुटक्या कोपऱ्याच्या चौथऱ्यावर चढले, एका हातात मोजा, दुसरा हात उघडा. ज्या बाजूला हात उठेल तिथे कर्नल असो की मेजर, मुकाट थांबत होता.

उन्हं कलली तेव्हा इस्पितळाची खिडकी उघडली.

"अहो मामा!" मामींचा आवाज साऱ्या चौकाला ऐकू गेला. "नात झाली! दोघी बऱ्या आहेत!"

मामांनी उघड्या हातानं डोळे पुसले. तेवढ्यात एक मागे राहिलेला रणगाडा चौथऱ्याशी येऊन थांबला. चालकानं झाकणातून डोकं बाहेर काढलं. जावयाच्याच वयाचा असेल.

"मुलगी झाली ना?" तो म्हणाला. "मलाही मुलगीच आहे. निघालो तेव्हा रांगत होती."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मग आता चालायला लागली असेल," ते म्हणाले. "जा बाबा, लवकर जा."

आणि दोन्हीकडच्या रांगा हात वर करून थांबवून त्यांनी त्या एकट्या रणगाड्याला आधी सोडलं.