खंडेनवमीची विश्रांती

मित्रांनो, मी एक जुना क्रायोस्टॅट आहे. नाव अवघड, काम सोपे: पोटातली वस्तू इतकी गार करायची की बर्फही तिच्यापुढे उबदार वाटावा. खालापूरजवळच्या एका संशोधन केंद्रात मला बारा वर्षे झाली. सुरुवातीला पाहुणे माझ्यासोबत फोटो काढायचे. पुढे लोक माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले.

मग कडावची हर्षला आली. सात महिने भट्टीपाशी खपून तिने नखाएवढा काळा स्फटिक वाढवला होता. त्यात अणूंचे पातळ पापुद्रे होते आणि प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकला चुंबक. उबेत ते सैरभैर असतात. मी गारठवले की सगळे एका दिशेला तोंड करतात. मग एकाला धक्का दिला की त्याची लाट साऱ्या पापुद्र्यात पसरते. ती लाट हर्षला मोजत होती. स्फटिक एकच होता आणि दमट हवेत तो विरघळे. म्हणून आतली हवा उपसणारा माझा पंप अखंड चालायचा.

खंडेनवमीला हर्षला घरी थांबली. तिचे वडील येसाजी इथेच शिपाई. त्यांनी मला पुसले, हळदकुंकू लावले, हार घातला आणि बटणे बंद केली. त्या दिवशी यंत्रांना विश्रांती द्यायची, हा त्यांचा नेम.

"लेकीसाठी लय राबलास रं. आज नीज," ते म्हणाले. माझा भोंगा वाजू लागला, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि तोही बंद केला. मला त्यांची कीव आली नाही. मी संतापलो होतो.

दुसऱ्या दिवशी हर्षलाने झाकण उघडले. आत नुसता ओला डाग होता.

"परत गार केलं की जमंल ना गं?" येसाजींनी विचारले.

हर्षला हसली. ते हसणे वाईट होते. "बाबा, तुमी झाडू मारायला हाय इथं. हात कशाला लावलात?"

संशोधनाची मुदत वाढवून मिळावी म्हणून तिने अर्ज लिहिला. कारणाच्या जागी शिपायाचे नाव घातले. साहेबांकडे कागद नेणे शिपायाचेच काम. येसाजी माझ्यापाशी थांबले, ओठ हलवत स्वतःचे नाव वाचले आणि अर्ज घेऊन गेले.

हर्षलाला सहा महिने मिळाले. येसाजींना घरी बसवले.

मित्रांनो, माझी निगा राखायची तर हार नको. चालत्या यंत्राला हात लावण्याआधी विचारा. आणि कोणी विचारले, तर नीट सांगा. येसाजींनी एकदा विचारले होते, "यात हाय तरी काय गं?"

"तुमाला नाय कळायचं," हर्षला म्हणाली होती.