मनगटावरचा पांढरा डाग

मनगटावर गाठ आली तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, जाडजूड पुस्तक घे आणि दोन टोले हाण, बसेल." आमच्या घरात जाडजूड पुस्तक असतं तर ना! पार्लरमध्ये दोन खुर्च्या, एक माझी, एक तिची. बावीस वर्षं कात्री चालवून अंगठा वळेनासा झाला, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले.

"दुखत नसती तर तशीच राहू द्या म्हटलं असतं," डॉक्टर म्हणाले. "सुईनं आतलं पाणी काढतो आणि स्टेरॉईडचं इंजेक्शन देतो. पण गाठ परत येऊ शकते. तिथली कातडी पांढरीही पडू शकते." मी मान डोलावली. दुखणाऱ्या माणसाला पुढचं कुठं ऐकू येतं?

गाठ बसली, दुखणंही गेलं. दोन महिन्यांनी तिथे रुपयाएवढा पांढरा डाग उमटला, मधोमध जरासा खळगा. डॉक्टर म्हणाले, "भरेल हळूहळू. वर्षही लागेल."

गिऱ्हाइकांना वर्षभराचा धीर कुठला? आरशात माझा हात दिसला की बायका कोड समजून नणंदेच्या खुर्चीकडे सरकायच्या. "आज हिच्याकडेच करते हं." अगं, कोड असतं तरी ते कुणाला लागत नाही! पण सांगणार कुणाला आणि किती वेळा? मीही अतिशहाणी. डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून आणली, 'इंजेक्शनचा डाग आहे, संसर्गजन्य नाही', आणि आरशाला चिकटवली. ज्यांनी डाग पाहिलाही नव्हता त्याही विचारायला लागल्या, "कसला गं डाग?" आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला.

शेवटी नणंदेनंच चिठ्ठी काढली. ती वाईट नाही. दोघींचं काम एकटी ओढून आता तिचेच हात भरून येतात. मी मात्र नुसती बसून दमते. काम करून कधी एवढी दमले नव्हते.

गुरुवारी शाळेतल्या बाई आल्या, माझं अगदी पहिलं गिऱ्हाईक. नणंदेची खुर्ची रिकामी होती, तरी सरळ माझ्या खुर्चीत बसल्या. माझा जीव भांड्यात पडला. त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, कंगवा उचलला.

"तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात मला चालत नाही," बाई म्हणाल्या. मग आरशातून माझ्याकडे न बघता विचारलं, "हात धुतलेस ना पण?"

बावीस वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी धुतले होते.

"धुते हं," म्हटलं आणि बेसिनकडे गेले.